घामाची साक्ष

नोकरीच्या जाहिराती वाचण्याची सवय मला बँकेतून निवृत्त झाल्यावरही सुटलेली नाही. शैक्षणिक कर्जाचे अर्ज तपासण्यात नोकरीची शेवटची काही वर्षे गेली. मुलगा शिकून पुढे काय करणार आणि हप्ता कुठून भरणार, एवढाच आमचा प्रश्न असे. आणि त्याचे उत्तर कॉलेजच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेपेक्षा भरतीच्या जाहिरातीत अधिक खरे सापडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाने १२५ पदांची जाहिरात काढली होती. वैज्ञानिक सहायक ५४, संगणक आणि ध्वनिफिती तपासणारे १५, वरिष्ठ प्रयोगशाळा सहायक ३०, कनिष्ठ १८, भांडारातले वरिष्ठ लिपिक ५, उपाहारगृह व्यवस्थापक १. आणि वैज्ञानिक सहायक, मानसशास्त्र : २.

हे आकडे मी एका कागदावर उतरवून ठेवले ते भाचीच्या मुलीसाठी. ती यंदा बारावीला आहे आणि तिला ‘फोरेन्सिक सायकॉलॉजी’ करायची आहे. दिवाळीत दोघी मायलेकी आमच्याकडे आल्या तेव्हा भाची म्हणाली, ‘‘मामा, तुम्हीच समजवा हिला. रोज उठून खुनी-दरोडेखोरांत बसायचं, हे काय करिअर झालं?’’ मुलीचे म्हणणे वेगळे होते. ‘‘मामाआजोबा, माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा चेहरा ते सांगत असतो. फक्त वाचता यायला हवं. ते शिकवतात तिथे.’’

मला हसू आले नाही. चेहरा वाचण्याचे काम मीही एकदा केले आहे. त्याचा हिशेब पुढे येईलच.

गेल्या दोन-तीन वर्षांत या विषयाची चौकशी करणारी मुले एकाएकी वाढली आहेत, त्याला केवळ मोबाईलवरच्या मालिका कारण नाहीत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरवले. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. गुजरातेत २००९ साली सुरू झालेल्या फोरेन्सिक विद्यापीठाला २०२० मध्ये संसदेने राष्ट्रीय दर्जा दिला, त्याची केंद्रे निरनिराळ्या राज्यांत निघाली, आपल्या शेजारी गोव्यातही निघाले. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेतच. दार उघडल्यासारखे वाटते. मात्र ज्या दाराकडे मुले धावतात ते हे नव्हे. रक्ताचे डाग, डीएनए, मोबाईलमधला पुसलेला मजकूर यांची गोष्ट वेगळी आणि मनाची वेगळी. १२५ पैकी दोन हा आकडा तेच सांगतो.

मग हे शास्त्र आहे तरी काय? फोरेन्सिक हा शब्द रोमन लोकांच्या ‘फोरम’वरून आला. फोरम म्हणजे भर चौकातली सार्वजनिक जागा, जिथे व्यवहार होत आणि न्यायनिवाडेही होत. आपल्या भाषेत चावडी. तेव्हा हे चावडीचे मानसशास्त्र. मनाविषयी जे काही खात्रीने सांगता येते ते न्यायाधीशाच्या उपयोगी पडेल अशा रीतीने मांडायचे, आणि जे खात्रीने सांगता येत नाही ते सांगता येत नाही असे स्पष्ट म्हणायचे. हा दुसरा भाग ऐकायला सोपा आहे. प्रत्यक्षात सगळी गोम तिथे आहे.

ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या हार्वर्डच्या जर्मन प्राध्यापकाने १९०८ साली साक्षीदारांच्या स्मृतीवर पुस्तक लिहिले. शपथेवर सांगणारा, प्रामाणिक, चार लोकांत मान असलेला माणूसदेखील घडलेले चुकीचे आठवतो, असे त्याचे म्हणणे. त्यावर वकील मंडळी चांगलीच उखडली. पुढे १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, गाड्यांचा ‘चक्काचूर झाला’ तेव्हा वेग किती होता? आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ‘आदळल्या’ ऐकलेल्या पन्नासांपैकी सात जणांना ती दिसली होती. ‘चक्काचूर’ ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांना. एक क्रियापद बदलले आणि दुपटीहून अधिक माणसांच्या आठवणीत काचा सांडल्या. पोलीस ठाण्यात जबाब घेताना हवालदार कोणते क्रियापद वापरतो, याचा विचार आपण कधी केला आहे? या शाखेचा विद्यार्थी अशा गोष्टी वर्ष-दोन वर्षे शिकतो. सोबत संख्याशास्त्र, पुरावा कायदा, मनोविकार, बालमानस. डोळ्यांत रोखून पाहण्याचा पेपर नसतो.

वेड आणि गुन्हा यांचा प्रश्न तर आपल्या मुंबईनेच अनुभवलेला आहे. आमच्या पिढीची मुले रात्री रडू लागली की आई ज्याच्या नावाने गप्प करी तो रमण राघव. १९६८ साली उपनगरांतल्या झोपड्यांत आणि पदपथावर झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली जात होती; रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालच्या तपासात तो सापडला. पोटभर कोंबडी खाल्ल्यावर त्याने कबुलीजबाब दिला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. १९६९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. मग तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलून तो स्किझोफ्रेनियाने ग्रस्त असल्याचा अभिप्राय दिला. फाशीची जन्मठेप झाली ती १९८७ साली, आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. डॉक्टरांच्या लेखी वेडा आणि कायद्याच्या लेखी वेडा हे दोन वेगळे लोक असतात. १८४३ मध्ये इंग्लंडात मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान समजून त्यांच्या चिटणिसाला गोळी घातली, त्यातून जो नियम निघाला तो आपल्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात आला आणि आता न्याय संहितेच्या २२ व्या कलमात आहे : आपण काय करतो आहोत, ते गैर आहे, हे त्या क्षणी त्याला कळत होते का? निव्वळ आजारी असणे पुरत नाही. ‘त्या क्षणी’ हे दोन शब्द तज्ज्ञाची झोप उडवतात. क्षण होऊन गेलेला असतो आणि तज्ज्ञ सहा महिन्यांनी तुरुंगात भेटायला जातो.

आता माझा हिशेब. १९८६ साल. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावच्या शाखेत अधिकारी होतो. एका शनिवारी रोकड दहा हजारांनी कमी भरली. शंभराच्या नोटांचे एक पाकीट. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कॅशियर चाळिशीतला, अबोल, हाताखाली मोजलेली नोट पुन्हा मोजावी लागू नये असा. त्याला केबिनमध्ये बसवून आम्ही तिघांनी प्रश्न विचारले. तो घामाने निथळला. तीनदा पाणी मागितले. एका प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली आणि माझ्या नजरेला नजर देईना. मी अहवालात लिहिले : ‘‘चौकशीच्या वेळी कर्मचाऱ्याचे वर्तन संशयास्पद वाटले.’’ सहा शब्द. त्यांवर तो निलंबित झाला. सुमारे पाच महिन्यांनी करन्सी चेस्टकडून कळले की आमच्या शाखेने पाठवलेल्या खराब नोटांच्या गठ्ठ्यांत शंभराचे एक पाकीट जादा निघाले आहे. गठ्ठे बांधले त्या संध्याकाळी जोडसही माझी होती.

त्याला कामावर परत घेतले, पगारही मिळाला. पण गाव लहान. मुलीचे ठरत आलेले लग्न त्या पाच महिन्यांत मोडले होते.

मी त्या वेळी जे केले ते माणसे फार पूर्वीपासून करत आली आहेत. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे भांडण गोतसभेत सुटले नाही की दिव्य होई. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपाच्या कढईतून धातूचा रवा हाताने काढायचा. मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी ती फोडून हात पाहायचा. फोड नसले तर खरा. सत्य अंगावर उमटते ही ती श्रद्धा. विसाव्या शतकात कढई गेली, यंत्र आले. पॉलिग्राफ श्वास, रक्तदाब, नाडी आणि तळहाताचा ओलसरपणा मोजतो. म्हणजे भीती मोजतो, आणि भीती कशाची ते त्याला कळत नाही. माझा कॅशियर त्यात पहिल्या फेरीत नापास झाला असता. (या तंत्राच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी विल्यम मार्स्टन हा म्युन्स्टरबर्गचा विद्यार्थी, पुढे त्यानेच ‘वंडर वूमन’ जन्माला घातली, जिच्या फासात सापडलेला माणूस खोटे बोलूच शकत नाही. कल्पनेत तरी काम फत्ते झाले म्हणायचे.)

आपल्याकडे या श्रद्धेने थेट माणसाचे आयुष्य तोलल्याचे उदाहरण पुण्यातच घडले. २००८ साली एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने एका तरुणीला जन्मठेप दिली. आधार घेतलेल्या पुराव्यांत मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी होती. डोक्यावर इलेक्ट्रोड लावतात, आरोपीने फक्त ऐकायचे. गुन्ह्याची वाक्ये ‘मी’ लावून वाचली जातात, आणि मेंदूत ‘अनुभवाची’ खूण उमटते का हे संगणक सांगतो. जगभर त्याची बातमी झाली. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने असल्या चाचण्यांना शास्त्रीय पाया नाही असे सांगितले होते. पुढे उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असा निकाल दिला : स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाला मंजूर नाही. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे. त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता उपयोग. पंधरा वर्षांनी, ९ जून २०२५ ला, बिहारच्या एका प्रकरणात न्यायालयाला हेच पुन्हा सांगावे लागले. तरीही एखादा भयंकर गुन्हा घडला की दुसऱ्या दिवशी मोर्चात फलक दिसतो : नार्को करा. आपल्यालाही तो बरा वाटतो, हे मी कबूल करतो. कढईची ओढ काही आपली सुटलेली नाही.

प्रयोगशाळेतल्या त्या दोन जागा मुख्यतः याच यंत्रांभोवतीच्या. तेव्हा भाचीच्या मुलीला मी सांगितले, यंत्र बाजूला ठेव आणि दुसरीकडे बघ.

१९ मे २०२४ ची पहाट पुणेकर विसरलेले नाहीत. कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि सारा देश संतापला. त्या संतापात एक प्रश्न वाहून गेला. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळाने आधी पाहायचे असते, की गुन्हा करण्याची त्याची मानसिक-शारीरिक क्षमता किती होती, परिणाम त्याला कळत होते का, परिस्थिती काय होती. त्यावरून मुलावर प्रौढांसारखा खटला चालवायचा की नाही हे ठरते. या प्रकरणात पोलिसांची तशी मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर आमच्या कट्ट्यावर अजून दोन तट आहेत. मला विचारायचे ते वेगळेच : अशी तपासणी करायला येणारा माणूस कोण असतो? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले की मंडळावर बालमानसशास्त्राचा पदवीधर नसेल तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे. मुलाचे पुढचे सगळे आयुष्य ज्या अहवालावर ठरायचे तो दोन तासांच्या भेटीत, एका बुद्ध्यांक चाचणीवर, उभ्या उभ्या लिहिला जाणार असेल तर माझ्या सहा शब्दांहून तो बरा कसा? श्रीमंताचा मुलगा असो की फुटपाथवरचा, प्रश्न तोच. फुटपाथवरच्याच्या बाबतीत तो विचारणारेही नसतात.

काम या बाजूला पडलेले आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लहान मुले आणि पीडित साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रे उभारण्याचा आदेश दिला आणि न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आठ वर्षांच्या मुलीला ‘काय झालं’ हे कसे विचारायचे, की उत्तर तिच्या तोंडी घातले जाणार नाही? तिथे लॉफ्टसबाईंचे क्रियापद पुन्हा समोर येते. त्याच वर्षी मे महिन्यात मध्य प्रदेशातल्या मनोज खटल्यात न्यायालयाने म्हटले, की फाशी देण्यापूर्वी आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल शासनाने सादर करावा. रमण राघवनंतर अर्ध्या शतकाने. कारागृहांत, निरीक्षणगृहांत समुपदेशक लागतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैद्यांबरोबर काम करतो आहे. कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात, पण तिथे मानसशास्त्रापेक्षा समाजकार्याची पदवी विचारतात. निकाल म्हणतात माणूस हवा. अंदाजपत्रक म्हणते पद नाही. त्यामुळे यांतली बरीच कामे मानधनावर, अकरा महिन्यांच्या करारावर, किंवा स्वयंसेवी संस्थांमार्फत चालतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मागणी आहे, तरतूद नाही.

म्हणून वाट कशी धरावी? ‘फोरेन्सिक’ हा शब्द पदवीच्या नावात लवकर आला नाही तरी चालेल. आधी मानसशास्त्रात साधी, भक्कम बी.ए. किंवा बी.एस्सी.; मग एम.ए., एम.एस्सी., हवे तर राष्ट्रीय विद्यापीठातली न्यायसहायक मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी. पण रुग्ण तपासण्याचा, निदान करण्याचा अधिकार हवा असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी लागते आणि तिची वाट चिकित्सा मानसशास्त्राच्या प्रशिक्षणातून जाते. कोर्टात उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न विचारतो तो नोंदणीचा. घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना तर हातच लावू नये. मानसशास्त्राचे शिक्षण दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली आहे.

परदेशाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तिथे घरे तारण पडतात. एका वर्षाची इंग्लंडची एम.एस्सी. ही आपल्या मुलांची आवडती. माझ्या टेबलावर असा एक अर्ज आला होता. वडिलांनी राहती जागा तारण ठेवण्याची तयारी केली होती, आणि घरात कुणालाच हे माहीत नव्हते की तिथे ‘फोरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ हे कायद्याने राखीव नाव आहे. मान्यताप्राप्त पदवी, मग एम.एस्सी., मग देखरेखीखालचा दुसरा टप्पा, मग सरकारी नोंदणी. एम.एस्सी. ही त्यातली मधली पायरी. त्या तरुणांतले मोठे मालक तिथले तुरुंग खाते, आणि परदेशी मुलाला ती नोकरी मिळण्याआधी व्हिसा संपतो का, हे पाहावे लागते. मी हे सांगितले तेव्हा मुलाचा चेहरा उतरला. वडील मात्र खुर्चीत सैल होऊन बसले. अर्ज त्यांनी परत नेला. मी त्याचे भले केले की नुकसान, कोण जाणे.

कादंबरीकार म्हणून मला या शाखेचा थोडा हेवा वाटतो आणि थोडी भीतीही. माझ्या पात्राने खून का केला हे मी ठरवतो. एखादे बालपण जोडतो, एखादा अपमान, आणि वाचक मान डोलावतो. हीच सफाई तज्ज्ञाच्या अहवालात आली तर घात होतो. गोष्ट जितकी जुळून येईल तितकी ती तपासून पाहण्याची शिस्त लागते, आणि अशी शिस्त असलेली माणसे आपल्या न्यायालयांना फार थोडी मिळतात.

हे सगळे मी दोन संध्याकाळी सांगितले. भाचीचे समाधान झाले नाही. तिला ‘नको’ एवढेच ऐकायचे होते. मुलीने तो आकड्यांचा कागद घडी घालून वहीत ठेवला आणि विचारले, ‘‘मामाआजोबा, पण तो कॅशियर इतका घाबरला का होता? त्याने तर काहीच केलं नव्हतं.’’

मी सांगितले, मला माहीत नाही. पुढे दोन वर्षे आम्ही एकाच शाखेत होतो, मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर डबा खात होतो, पण मी त्याला ते विचारले नाही.

तो आता नाशिकला मुलाकडे असतो असे जुन्या सहकाऱ्याकडून कळले. पत्ता मिळाला आहे. मार्चअखेर तिची परीक्षा संपते; तिला बरोबर घेऊन जावे की एकट्यानेच जावे, एवढे अजून ठरलेले नाही.